रेतीखातं

प्रमिला हुंदरे, वय एकोणचाळीस, राहणार येळ्ळूर.
सकाळी अकराला तिची सात बीजं माझ्या हातात आली.
हातात म्हणजे
सदतीस अंशांवर ऊब धरलेल्या काचेवर.

आधी बीज दिसतच नाही.
दिसतो त्याचा गोतावळा,
भिजलेल्या सब्जासारखा बुळबुळीत,
शेकड्यांनी पेशी, एकीला एक चिकटून.
याच त्याला भरवतात,
कवचातून बारीक बोटं आत घालून.
आणि भरवता भरवता
स्वतःतलं जुनं मोडून खातात:
वाकडी झालेली प्रथिनं, विझत आलेल्या चुली,
सगळं पिशवीत बांधायचं, विरघळवायचं,
निघेल त्यातून परत उभं राहायचं.

बाबा उद्यमबागेत फाउंड्रीत होते,
एकतीस वर्षं रेतीखात्यात.
रसावरची माणसं वेगळी. त्यांना गॉगल, भत्ता,
आयुधपूजेच्या फोटोत पुढची रांग.
बाबांकडं जळकी रेती.
साचा फोडला की काळी होऊन वाफाळत यायची.
चुंबकानं लोखंडाचे दाणे वेचायचे, चाळायचं,
थोडी माती, थोडं पाणी,
मग मुठीत दाबून बघायचं.
बोटांचे ठसे उठले, मोडल्यावर कड ढासळली नाही,
तर जा म्हणायचं.

शेजारच्या पाळीतले शिवलिंगप्पा रेतीला म्हणायचे मरळु.
कानडीत परत येण्यालाही मरळुच.
बाबांना हे कळलं त्या दिवशी
ते घरी येऊन आईला दोनदा सांगत बसले.
आई म्हणाली, जेवा आता.

‘चाळणी एक दिस चुकली
की पंपाच्या अंगात भोकं.
खरं शिव्या रसालाच.
रेतीला कोण विचारतंय?’

वय झालं की या पेशींचीही चाळणी मंदावते.
जुनं साचत जातं,
भरवणाऱ्याच्याच पोटात कचरा,
आणि त्याची चव लागते बीजाला.
उलट फार चाळलं तर त्या स्वतःलाच संपवतात.
हे माझ्या दुर्बिणीतून दिसत नाही, वाचलेलं आहे.
मला दिसतात फक्त
तिसऱ्या बीजाभोवतीच्या काळपट गाठी.

काल बाहेरच्या बाकावर सासू म्हणत होती,
बीजच हलकं हिचं.
प्रमिलानं मला विचारलं,
‘तुम्ही आत बघता न्हवं, बाई? खरंच हलकं हाय काय?’
मी म्हटलं, डॉक्टर सांगतील.
डॉक्टर हिरेमठांच्या फॉर्मवर रकाने चार:
किती निघाली, किती पिकली,
किती फळली, दर्जा.
भोवतालासाठी रकाना नाही.

एक थेंब औषध. मग बारीक नळीतून
आत, बाहेर, आत, बाहेर,
गोतावळा सुटत जातो.
बीज उरतं, गोल, उघडं,
थंडीत अंघोळ घातलेल्या पोरासारखं.
सातातली पाच पिकलेली.
तिसरंही त्यात.
सुटलेल्या पेशी थेंबाच्या कडेला तरंगत असतात,
अजून एकमेकींना धरून.
कुणी सांगितलेलं नसतं त्यांना
की काम संपलं.
त्यांची रवानगी पिवळ्या पिशवीत.

रात्री बाबा खोकत उठून बसले.
एकतीस वर्षांची रेती अजून छातीत आहे,
ती तेवढी परत जात नाही.
‘आज किती?’
सात. पाच चांगली.
‘आणि रेती कशी होती?’
त्यांना एकदा समजावलं होतं मी, त्यांच्याच भाषेत,
तेव्हापासून हेच विचारतात.
एका ठिकाणी काळी होती, म्हटलं. बाकी बरी.
‘मग काय केलीस तिचं?’
टाकली.
‘टाकलीस?’

आणि बघत राहिले माझ्याकडं,
पगाराचं पाकीट
बसमध्ये विसरून आल्यासारखे.